बोलके मोजे

"आजपासून मधुमेही माणसाचं एकही पाऊल पोरकं राहणार नाही!" असं म्हणून डॉक्टरांनी टेबलावर मूठ आपटली, आणि टेबलावरचा पाण्याचा ग्लास खाली पडून फुटला.

समितीच्या तिघांनी पटकन पाय वर घेतले. घोषणा कुणाच्याच लक्षात राहिली नाही.

"असू दे, असू दे. मावशी बघतील," डॉक्टर म्हणाले.

प्रयोगशाळेची साफसफाई करणाऱ्या मावशींनी काचा गोळा केल्या, फरशी पुसली आणि "बारीक कण राहतातच हो, जपून चाला" असं बजावून त्या फडकं घेऊन दाराशी उभ्या राहिल्या. इथे बूट-चपला बाहेर काढून कापडी सपाता घालायचा नियम होता. आज माणसं जास्त आली आणि सपातांचा एक जोड कमी पडला. यजमान म्हणून डॉक्टरांनी त्याग केला. ते आपल्या काळ्या मोज्यांवरच वावरत होते.

पण सगळ्यांची नजर दुसऱ्या मोज्यांवर होती. सहा वर्षं खपून डॉक्टरांनी ते तयार केले होते. साखरेमुळे पाय बधिर झाला, की काही रुतलं तरी कळत नाही. जखम चिघळते आणि गोष्ट बोट कापण्यापर्यंत जाते. या मोज्यांत केसासारख्या तारा विणल्या होत्या. तळव्याला काही टोचलं, की घोट्याजवळची डबी ओरडायची. आवाज खुद्द डॉक्टरांचा. 'थांबा! उजवी टाच बघा!'

हे मोजे आणखी दोनशे जणांना देऊन बघायचे की प्रयोग गुंडाळायचा, ते समिती आज ठरवणार होती.

मोजे घातले होते एका निवृत्त बस कंडक्टरने. दोन वर्षांपूर्वी त्याच्या चपलेतून एक चूक वर आली. चूक म्हणजे खिळ्याची धाकटी बहीण. ती त्याला तीन दिवसांनी कळली, तीही बायकोने सांगितल्यावर. त्यात उजवी करंगळी गेली.

"मोज्यांचा काही त्रास?" समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं.

"बोलतात," कंडक्टर म्हणाला. "पण हिच्यापेक्षा कमी."

"आणि ते बोलले की हे ऐकतात," शेजारी बसलेली बायको म्हणाली. "बाई, रोज संध्याकाळी ह्यांचे तळवे मी चष्मा लावून बघते. एक बोट गेलं, तेव्हापासून मला नीट झोप नाही. मोजे परत नका हो घेऊ."

"ते आज ठरेल," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि त्यांनी फॉर्म पुढे ओढला.

कंडक्टर उठला. "डॉक्टर, तुम्ही नाही घालत हे?"

"मला कशाला?"

"नाही, हल्ली साखर सगळ्यांनाच असते. तुमची किती?"

"बघायला वेळ कुणाला आहे?" डॉक्टर म्हणाले. "चला, चालायला लागा."

खिडकीपासून दारापर्यंत वीस फेऱ्या मारायच्या होत्या. कंडक्टर चालू लागला. डॉक्टर शेजारून चालत आकडे सांगू लागले. तिसऱ्या फेरीला समितीतल्या एकाने हळूच वाटेत शेंगदाण्याएवढा खडा टाकला. 'थांबा! डावा चवडा बघा!' मोजे गरजले. घंटा वाजल्यावर बस थांबावी तसा कंडक्टर जागच्या जागी थांबला. अध्यक्षबाईंनी मान डोलावली. डॉक्टरांचा आवाज आणखी चढला.

नवव्या फेरीला अध्यक्षबाईंची मान डोलायची थांबली.

"हे काय आहे?"

पांढऱ्या फरशीवर एक लाल ठिपका होता. हातभर पुढे दुसरा. मग तिसरा. ठिपके कंडक्टरच्या वाटेने खिडकीपर्यंत गेले होते आणि परत आले होते.

मोजे गप्प होते.

"अहो, बसा! आधी खाली बसा!" बायको धावली. "डॉक्टर, काच लागली ह्यांना! तुमचे मोजे बोलले कसे नाहीत?"

अध्यक्षबाईंनी फॉर्म बाजूला सारला. समितीतल्या दुसऱ्याने "सहा वर्षं" एवढंच म्हणून सुस्कारा सोडला.

बायकोने फरशीवर बसून मोजे ओढून काढले. चष्मा लावला. उजवा तळवा बघितला, डावा बघितला, उरलेल्या नऊ बोटांमधल्या फटी एकेक करून बघितल्या. मग अध्यक्षबाई वाकल्या आणि त्यांनीही बघितल्या.

ओरखडासुद्धा नव्हता.

"कोरडा ठणठणीत आहे हो," बायको म्हणाली आणि तिथेच डोळ्यांना पदर लावून बसली.

"मी म्हणत होतो ना, इतका आटापिटा नको," कंडक्टर म्हणाला आणि त्याने स्वतःही दोन्ही तळवे एकदा चाचपून बघितले.

डॉक्टरांच्या जिवात जीव आला. जीव आल्याबरोबर भाषणही आलं.

"बघितलंत?" ते खिडकीकडे चालू लागले. "मोजे गप्प का होते? कारण पाय शाबूत होता! खडा आला तेव्हा बोलले, काही नव्हतं तेव्हा बोलले नाहीत. माणसालासुद्धा एवढं जमत नाही!" ते वळून दाराकडे आले. "इथे कुणाला काच लागली असेल तर लाजू नका. आपल्यासारख्यांना लागलं की लगेच कळतं, तेवढं आपलं नशीब!"

समितीच्या तिघांनी आपापल्या सपाता उलटून बघितल्या. स्वच्छ होत्या. "शाईबिई सांडली असेल," एक जण म्हणाला. अध्यक्षबाईंनी फॉर्म पुन्हा पुढे ओढला आणि 'मंजूर' असं लिहून सही केली.

"दोनशे रुग्ण!" डॉक्टर पुन्हा खिडकीकडे निघाले. "चारशे पावलं! आणि त्यातलं एकही..."

"साहेब," मागून फडकं सरकवत येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "जरा एका जागी उभे राहता का? पुसलं की तुम्ही पुन्हा उमटवताय."