बारशाआधीचं बाळ

"ताई, तुमचं सॉफ्टवेअर बाळाला घेईना!" तांबोळी सिस्टर काउंटरवरून ओरडल्या.

बाळाला कावीळ होती. रक्त काढून झालं होतं, पण नळीचं लेबल छापलं जात नव्हतं आणि लेबलाशिवाय लॅब रक्त तपासत नाही.

सॉफ्टवेअरचा पहिला दिवस, म्हणून केतकी रुग्णालयातच बसली होती. तिने कोड उघडला. रुग्णाच्या नावाला तिनेच 'नॉन-नल' अशी खूण लावली होती: ही जागा कधीच रिकामी नसणार.

"नाव टाका ना, सिस्टर."

"बारशाआधी कुठलं नाव? तुम्हीच आत्या व्हा!"

केतकी हसली. तिने खूण बदलली: रिकामी असू शकते. लगेच कोड तपासणाऱ्या कंपायलरने नाव गृहीत धरणाऱ्या सगळ्या ओळी दाखवल्या. पहिलीच लेबलाची.

"मग तुम्ही काय म्हणता त्याला?"

"पल्लवीचं बाळ."

तिने त्या सगळ्या ओळींत तेच लिहिलं: नाव नसेल तर आईच्या नावाने बाळ. प्रिंटर घरघरला, सिस्टर नळी घेऊन निघाल्या.

कोडमध्ये खाली वडिलांच्या नावालाही तीच खूण होती.

"सिस्टर, वडिलांचं नावही रिकामं असतं?"

सिस्टर दारात थांबल्या. "असतं कधीकधी. नाव विचारलं की आई भिंतीकडे बघते."

केतकीने तीही खूण बदलली.