हापूसची एक फोड

माझा शुगरचा रिपोर्ट नॉर्मल आला. पण तो आलाच नाही, असं धरून चालू.

पाडव्याला सलिलदादाला डायबिटीस निघाला. तेव्हापासून जेवण झालं की आई त्याला हापूसची एकच फोड देते, साल स्वतः काढून. आणि ती फोड संपेपर्यंत त्याच्या शेजारी बसून राहते. "सावकाश खा हो, बाळा." बाळ एकेचाळीस वर्षांचं आहे. माझ्यापुढे मात्र आंब्यांची अख्खी पाटी सरकवते. "तुला कसली धाड भरल्ये? खा हवे तेवढे." आणि उठून जाते.

म्हणून मी घराजवळची लॅब शोधली आणि सकाळीच जाऊन बसलो.

"उपाशी आहात ना?" रक्त घेणाऱ्या बाईंनी विचारलं.

"पाडव्यापासून."

त्यांनी फॉर्मवर 'बारा तास' असं लिहिलं.

दुपारी जेवताना दादाने माझा रिपोर्ट वाचला. "मजा आहे बुवा तुझी," माझ्या पाटीकडे बघत तो म्हणाला. मी त्याच्या बशीकडे बघत होतो. आई अर्थात त्याच्याच शेजारी होती.

हात धुऊन मी अर्ज लिहायला घेतला.

"माननीय लॅबप्रमुख, माझ्या रक्ताचा फेरविचार करून निदान आंब्याच्या हंगामापुरती तरी माझी साखर वाढवून मिळावी. ते नियमात बसत नसल्यास, एक फोड खाऊन होईपर्यंत माझ्या शेजारी बसण्याचे लेखी आदेश आमच्या आईस देण्यात यावेत, ही नम्र विनंती."