न कुरकुरणारी डिस्क

"कस्टमरची हार्ड डिस्क अचानक गेली कशी? काल तर एकही एरर नव्हता," फोनवर टीममधली रेवती वैतागली होती.

"अचानक नाही गेली. डिस्कचा एखादा भाग वाचता आला नाही, की ती हाताळणारा आपला प्रोग्रॅम, ड्रायव्हर, गुपचूप पुन्हा प्रयत्न करतो. जमलं, की बोलतच नाही. पार थकला, तरच एरर दाखवतो." मी तो प्रोग्रॅम बदलायला घेतला. आता पहिल्यांदा अडखळला, की लगेच मेसेज येणार होता.

"ताई, कस्टमर घाबरतील ना."

"घाबरू देत. वेळेवर घाबरतील."

तेवढ्यात हे भाजी घेऊन आले. दारात पिशवी ठेवून भिंतीला टेकले. परवाही टेकले होते. विचारलं, तर सँडलचा पट्टा बघतोय म्हणाले. आज पायात स्लीपर होत्या.

"काय होतंय?"

"कुठे काय? संक्रांतीचे तीळ तेवढे राहिले."

"रेवती, उरलेलं तू कर." मी फोन ठेवला आणि गाडीची किल्ली उचलली. "चला, डॉक्टरांकडे."

"अगं, जरा दम लागला, एवढंच."

"कधीपासून लागतोय?"

त्यांनी पिशवी पायाने बाजूला सरकवली. मग हळूच म्हणाले, "गणपतीपासून."