सदतिसावं कार्ड

‘सॉरी’च्या खोक्यातून छत्तीस कार्डं निघाली आणि छत्तीसही बायकोच्याच तोंडची. कोशकारांनी कपाळाला हात लावला. बायको दारात उभी होती.

रोजच्या बोलण्यात रुळलेल्या इंग्रजी शब्दांचा कोश ते एकतीस वर्षं रचत होते. नियम त्यांचाच होता: वाक्य मनचं घ्यायचं नाही, कुणीतरी कानांनी ऐकलेलंच घ्यायचं. कार्डावर वाक्य, बोलणारा, ऐकणारा, तारीख आणि कारण. स्वतः ते खोलीबाहेर क्वचित पडत. मग ऐकायचं आणि लिहायचं काम आपसूक बायकोच्या गळ्यात पडलं. बाकीच्या शब्दांसाठी तिने सारं गाव पालथं घातलं होतं. या एका शब्दासाठी मात्र तिला उंबरा ओलांडावा लागला नाही.

ते एकेक कार्ड वाचू लागले. चहा गार झाला. दार जोरात आपटलं. मुलगी तापात रडली, त्यांचं कामातलं लक्ष उडालं. मग एक डागाळलेलं कार्ड आलं. ‘सॉरी, शाई पसरली.’ कारण: आई गेली.

त्या आठवड्यात ‘एम’ हे अक्षर हातावेगळं करायचं होतं. आईचं जास्त आहे असा निरोप आला, तेव्हा एवढं अक्षर संपव आणि मग जा, असं ते म्हणाले होते. ती पोचली तोवर आईची गादीसुद्धा उचलून झाली होती. त्याबद्दल नवरा कधीतरी एक शब्द बोलेल म्हणून ती अकरा वर्षं वाट पाहत होती. स्वतःच्या खुळेपणाला हसायची, पण वाट पाहायची.

कोशकारांनी ते कार्ड बराच वेळ हातात धरलं. चष्मा काढला. सकाळीच त्यांनी तिला या शब्दाचं मूळ सांगितलं होतं. तो जखमेच्या ठणक्यावरून आलाय, म्हणजे म्हणणाऱ्याला आतून दुखत असलं पाहिजे.

“अगं,” ते तिच्याकडे बघत म्हणाले, “सॉरी.”

ती दारातून आत आली. अकरा वर्षांचा मेला राग कुठे गेला, तिचं तिलाच कळलं नाही. डोळे भरून आले.

त्यांनी एक कोरं कार्ड तिच्यापुढे सरकवलं. “ऐकलंस ना? मग लिही. नवरा बायकोला म्हणतो असं एक तरी हवंच होतं. छापखान्याचा माणूस दुपारी येतोय.”

ती खाली बसली. बोलणारा, ऐकणारा, तारीख, सगळं नेहमीच्या गोल अक्षरात लिहिलं. शेवटच्या रकान्यापाशी पेन अडलं.

“कारण काय घालू?”

“घाल काहीही,” ते म्हणाले. त्यांनी पुढच्या शब्दाचं खोकं उघडलंसुद्धा होतं.

पण नियम म्हणजे नियम. पुन्हा शाई पसरू नये म्हणून तिने आधी डोळे पुसले आणि लिहिलं: ‘कार्ड कमी पडत होतं.’