काटुंगीच्या कालवडीची गोचीड

केंबाबाझीच्या एका हातात फवारणीचा पंप होता आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत बापाच्या गोळ्या.

"आधी या घ्या. मग गुरांकडे बघते."

करुहांगा म्हातारा काठीवर हनुवटी टेकून बसला होता. प्रोस्टेटच्या कॅन्सरने तो वाळला होता खरा, पण औषधाने गाठ निम्मी झाली होती आणि तोंडाला चव परत आली होती. नेमकं तेव्हाच म्बारारा शहरातल्या डॉक्टर नांतोंगोने गोळ्या बंद केल्या. रक्त तपासत राहू, गाठ वाढायला लागली की पुन्हा सुरू करू, म्हणाली. केंबाबाझीचं डोकंच फिरलं. अर्धा साप मारून कोणी काठी ठेवून देतं का? ती तशीच दुकानात गेली, त्याच गोळ्या घेऊन आली आणि आता त्या दुप्पट द्यायच्या बेतात होती.

"डॉक्टरीणबाई काय म्हणाली ते नीट ऐकलंस का तू?" म्हाताऱ्याने विचारलं.

"ऐकलं. निम्मा रोग मारायचा आणि निम्मा पाळायचा. माझ्या बापाच्या अंगात!"

"तसं नाही गं. ती म्हणाली, गाठीतल्या पेशी सगळ्या सारख्या नसतात. बऱ्याचशा गोळीला भितात, थोड्या निगरगट्ट असतात. पण निगरगट्टपणा फुकट मिळत नाही. त्यातच त्यांची ताकद जाते, म्हणून भित्र्यांच्या गर्दीत त्या दबून राहतात. भित्र्या सगळ्या मारल्या की त्यांना रान मोकळं. मग त्यांची पोरंबाळंही तसलीच. आहे की नाही गंमत?"

गाठ शेजाऱ्याला झाली असावी अशा थाटात तो हे सांगत होता.

"गंमत? मरणार तुम्ही, आणि गंमत!"

केंबाबाझीला भीती वाटत होती. भीती वाटली की ती ओरडायची, आणि ओरडून झालं की काम काढायची. तिने बादलीत गोचिडीच्या औषधाच्या दोन बाटल्या ओतल्या आणि तिसरीचं बूच दातांनी उघडलं.

"हे कसलं?"

"मक्यावरच्या किडीचं. पूर्वी गोचिडी एका औषधाने मरायच्या. मग दोन लागली. आता दोन्हींना दाद देत नाहीत."

गावात सगळ्यांचं हेच चाललं होतं. प्रत्येकाचं आपापलं मिश्रण होतं आणि लग्नाकार्यात माणसं त्याच्या फुशारक्या मारत. म्हातारा कुंपणाशी बांधलेल्या तांबड्या कालवडीकडे बघत राहिला. मैत्रीची भेट म्हणून लांबच्या गावच्या काटुंगीने ती कालच पाठवली होती.

"काटुंगी किती वेळा फवारतो गं?"

"काटुंगीकाका? गाय वाळायला लागली की मग उठतात. तोवर तिच्या कानात गोचिडींचा बाजार."

"औषध कोणतं?"

"जुनंच. आपण टाकून दिलेलं."

म्हातारा काठी टेकत उठला. "ते आण. पाणी नेहमीइतकंच घाल. आणि एक गोचीड आपल्या गाईची काढ, एक हिची."

"आता हे काय नवीन?"

"आण तर. मग तू म्हणशील ते गिळतो."

एवढ्यावर ती कबूल झाली. डब्याच्या झाकणात तिने औषध कालवलं, दोन्ही गोचिडी बुचकळून काढल्या आणि केळीच्या पानावर ठेवल्या. बाप-लेक उकिडवी बसून बघत राहिली. पंप तसाच पडून होता, गाई हंबरत होत्या. ऊन वर चढलं तरी दोघांपैकी कोणी हललं नाही.

काटुंगीच्या कालवडीची गोचीड पाय आखडून उलटी झाली होती. घरची गोचीड पानाच्या कडेपर्यंत गेली, थोडी थांबली आणि केंबाबाझीच्या अंगठ्याकडे निघाली.

"आपली मेली नाही," ती हळूच म्हणाली. "औषध तर तेच आहे."

"औषध तेच."

"काकांनी भित्र्या शिल्लक ठेवल्या." ती स्वतःशीच बोलत होती. "आणि आपण त्याच मारत बसलो." मूठ उघडली. घामाने गोळ्या तळहाताला चिकटल्या होत्या.

"म्हणजे ती गाठ आत राहणार?"

"राहील. मीही राहीन. किती दिवस ते डॉक्टरीणबाईला माहीत नाही. तसं तिने तोंडावर सांगितलं."

"आणि तिचं चुकलं तर?"

म्हाताऱ्याने काठीच्या टोकाने उलटी पडलेली गोचीड हलवून बघितली. मग म्हणाला, "मलाही रात्री तेच वाटतं, पोरी."

केंबाबाझीने गोळ्या लुगड्याच्या टोकाला पुसल्या आणि पुन्हा डबीत ठेवल्या. फेकल्या नाहीत. डबीचं झाकण गच्च लावलं. मग आत जाऊन सकाळच्या दुधाचं भोपळ्याचं भांडं घेऊन आली आणि बापाच्या लाकडी पेल्यात दूध ओतू लागली. पेला अर्धा झाल्यावर तिने हात आवरला.

"आणखी ओत," म्हातारा म्हणाला. "पिणारे आम्ही दोघं आहोत, मी नि माझी गाठ."

तिने त्याच्याकडे रागाने बघितलं. डोळे भरून आले होते. मग तिने पेला काठोकाठ भरला.