फाटका माझा

जरा पुढे सरका, अशा जवळ बसा. एका फाटक्या वॉफलची गोष्ट सांगते. हसू नका. चराचरात भरलेला देव वॉफलच्या खळग्यांनाच तेवढा चुकवील होय?

तर वाफ अजून येत होती. वॉफलच्या यंत्राच्या फटीतून भसाभसा. नवी आई झाकणाकडे टक लावून उभी होती. नवी आई असं शेजारीपाजारी म्हणत. मुलगी तिला काहीच म्हणत नसे. यंत्र पहिलीचं होतं, देवाघरी गेलेलीचं. झाकणाच्या मुठीला तिने गुंडाळलेली पांढरी चिकटपट्टी तशीच होती. पट्टीत तिच्या बोटांचे खळगे पडले होते. नवीची बोटं त्यात बरोब्बर बसायची. तेच तिला नको वाटायचं.

दर रविवारी हेच. अंडी फेटायची, पीठ ओतायचं, झाकण मिटायचं, हिरवा दिवा लागला की उघडायचं. आणि उघडलं की पहिला वॉफल मधोमध फाटायचा. अर्धा वरच्या साच्याला, अर्धा खालच्या. पुढचे नीट निघायचे, पहिला मात्र कधीच नाही. फाटके तुकडे ती बशीत काढून बाजूला ठेवायची आणि जरा पाठ वळली की बशी रिकामी. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "अख्खे समोर असताना मी फाटका कशाला खाऊ?" मुलीला विचारण्यात अर्थ नव्हता. ती बोलत नव्हती आणि हिच्या हातचं खातही नव्हती.

मग नवीला वाटायचं, मागे कुणीतरी उभं आहे. वळून पाहावं तर रिकामी खुर्ची. "मी तुझं काही घ्यायला आले नाही गं बाई," ती यंत्राला हळूच सांगायची. "तुझ्या लेकराला दोन घास खाऊ दे, एवढंच."

आज तर खायलाच हवं होतं. मुलीची आत्या तिला न्यायला सकाळीच आली होती आणि आतल्या खोलीत बॅग भरत होती.

"तुमचा दोष नाही हो वहिनी," ती आल्या आल्या म्हणाली होती. "पण पोर वाळून काडी झालीय. माझ्याकडे चार घास खाईल तरी. आज तुमच्या हातचं खाल्लं तिने, तर भरलेली बॅग मी माझ्या हाताने रिकामी करीन. मग तर झालं?"

आणि नेमका आज दिवा लागेना. लाल नाही, हिरवा नाही. यंत्र मात्र तापत होतं. आता पाहायचं कशाकडे? वाफेकडे. वाफ दाट होती, मग विरळ झाली, मग थांबली. तिने जीव मुठीत धरून झाकण उचललं.

वॉफल अख्खा होता. सोनेरी, चौकोन न् चौकोन शाबूत.

म्हणजे पहिल्या खेपेला हिरवा दिवाच घाई करत होता तर! इतके दिवस ती दिव्याला भुलली होती आणि खापर एका मेलेल्या बाईच्या डोक्यावर फोडत होती. तिला हसू आलं. तिने बशी टेबलावर ठेवली. "खारूताई, बघ! पहिलाच, आणि अख्खा!"

खारूताई हे मुलीचं आईने ठेवलेलं नाव. मुलीने वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"फाटला नाही?"

"नाही गं, एवढासुद्धा नाही!"

खुर्ची आडवी झाली. मुलगी आत पळाली होती. पाठोपाठ आत्याचा आवाज आला, "अगं बाई! वहिनी, आधी इकडे या!"

कपाटाच्या तळाशी, मुलीच्या स्वेटरांखाली, कागदी रुमालांत वॉफलचे तुकडे होते. दगडासारखे झालेले. काहींना बुरशी आली होती.

"खारीसारखं साठवून काय ठेवलंस हे?" आत्या म्हणाली.

मुलगी कपाटाला पाठ लावून उभी राहिली. "आईचे आहेत. पहिला तिचा असतो. ती म्हणायची, फाटका माझा, अख्खा तुझा." मग तिचा बांध फुटला. "फाटायचा म्हणजे ती यायची. आज नाही आली."

आत्याने तोंड फिरवलं. नवी आई तडक ओट्याशी आली. पीठ ओतलं, झाकण मिटलं. वाफ भसाभसा उसळली. या खेपेला ती थांबली नाही. पट्टीच्या खळग्यांत तिने बोटं रोवली, आणि तेव्हा तिला उमगलं. मूठ घाईने आवळून आवळून पडलेले खळगे होते ते. समोर भुकेलं लेकरू बसलेलं असताना वाफ थांबायची वाट कोणती आई बघेल?

तिने भर वाफेत झाकण उपटलं. वॉफल चर्रकन फाटला.

त्या आवाजाने मुलगी दारात आली. नवीने तुकडे बशीत काढून तिच्यापुढे धरले. मनगट वाफेने लालबुंद झालं होतं. "घे. तुझ्या आईचा. ठेव कपाटात."

मुलीने बशीकडे पाहिलं, मग मनगटाकडे. तिने पडलेली खुर्ची उभी केली. बशी त्या खुर्चीपुढे ठेवली आणि अख्खा वॉफल स्वतःकडे ओढला.

"बस ना," ती म्हणाली. "फाटका साठवायचा नसतो. आईने गरम गरम खायचा असतो."

आतल्या खोलीत बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. नवी आई खुर्चीत बसली. मागे कुणीतरी उभं होतं. तिने वळून पाहिलं नाही.

तुमच्याही घरात फाटकं, करपलेलं, उरलेलं कुणीतरी हसत खाल्लं असेल. आज पहिला घास घ्याल, तेव्हा त्या माणसाची तेवढी आठवण काढा.