खून सफेद

या, असे जवळ सरका. कीर्तन उभं राहायला अवकाश आहे, पेटीवाला अजून सूर जुळवतोय. तोवर डोंगरकड्याच्या सुभद्राबाईची गोष्ट ऐका. निजामाच्या राज्यातली.

सुभद्राबाईनं पार्सलाची सुतळी दातानं तोडली. आत घोंगडी निघाली. तिनंच आपल्या मेंढरांच्या लोकरीची करवून घेतलेली. एकुलता एक लेक नामाजी हैद्राबादच्या गिरणीत निघाला तेव्हा त्याच्या खांद्यावर टाकलेली. सोबत उर्दू चिठ्ठी.

गावात उर्दू वाचणारे एकटे तातेराव मास्तर. त्यांनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली.

"काय लिहून राहिला माझा लेक?"

"त्यानं न्हाई लिहिलं. त्याच्या खोलीतल्या सोबत्यानं."

"मंग वाचा की. काहून थांबले?"

मास्तरांनी शब्द न् शब्द वाचला, "नामाजी का खून सफेद हो गया. अब वो गाँव नहीं आएगा. घोंगडी वापस भेजी है. माँ को समझा देना."

"खून? कुणाचा खून केला लेकरानं?"

"तसं न्हाई हो. खून म्हंजे रक्त. रक्त पांढरं झालं. उर्दूत बोलायची रीत आहे ती. रक्ताच्या नात्याची माया आटली, की म्हणतात खून सफेद झाला."

सुभद्राबाई म्हणाली, "मेंढी आटली तर बाजार दाखवतो आमी. लेकाचं काय करावं मास्तर?"

गेल्या दिवाळीतच ओळखायला पाहिजे होतं, तिला वाटलं. गोरापान होऊन आला होता. कोकरू उचलायला गेला अन् अर्ध्यातच खाली ठेवून बसला. "दमलो, माय." तेव्हा ती हसली होती, "गिरणीचा साहेब झालास बाबा!" आता तेच हसू बोचू लागलं. मनच नव्हतं त्याचं घरात.

तिनं घोंगडी उलगडली. एका टोकाला तांबडे-काळे डाग.

"बघा, पान खायला लागला! पिचकाऱ्या मारायला माझीच घोंगडी सापडली."

अन् तिनं ती कोकरांच्या खाली अंथरून टाकली.

तीन वर्षं गेली. नामाजीचं नाव तिनं घेतलं नाही, कुणाला घेऊ दिलं नाही. कीर्तन मात्र एक चुकवायची नाही. पहिल्या रांगेत बसायची, पण श्रावणबाळाचं आख्यान लागलं की पदर सावरून उठायची.

शेजारीण सिंधूबाई एकदा बोललीच, "सुभद्राबाई, जाऊन भेटून या की. हैद्राबाद काय लंकेत हाय?"

"घोंगडी त्यानं धाडली. आधी त्यानं यावं. पाया पडू दे, मंग बघू."

तरी सांजेला मेंढरं वाड्यात घालताना तिची नजर मोटारीच्या वाटेवर रेंगाळायचीच.

मग सिंधूबाईची सहा वर्षांची पोर आजारी पडली. ताप हटेना. दोघी तिला घेऊन हिंगोलीच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरानं बोट टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बराच वेळ डोळा लावून बसला.

"ल्युकेमिया," तो म्हणाला.

सिंधूबाईला तो शब्द कळला नाही. डॉक्टरानं सोपं करून सांगितलं, "इसका खून सफेद हो गया है, बाई."

सुभद्राबाई फणकारली, "अहो, मायेच्या कुशीबिगर झोपत न्हाई ही! तिची माया काहून आटंल?"

डॉक्टरानं मान वर केली. "माया? हा रोग आहे, बाई. त्या इंग्रजी शब्दाचा अर्थच पांढरं रक्त. माणूस फिका पडतो. जरा काही उचललं की दमतो. हिरड्यांतून रक्त येतं." मग आवाज उतरवून म्हणाला, "यावर औषध नाही."

पोरीनं सिंधूबाईच्या पदराला तोंड पुसलं. पदराला तांबडा डाग पडला.

सुभद्राबाई त्या डागाकडे बघत राहिली. घरी आली ती थेट कोकरांत शिरली. तीन वर्षं तुडवलेली घोंगडी तिनं ओढून काढली, लेंड्या झटकल्या अन् ते टोक छातीशी धरून खाली बसली. "पान न्हाई रे माझ्या लेकरानं कधी खाल्लं," म्हणाली.

चला, टाळ वाजले. आज श्रावणबाळाचं आख्यान आहे. त्याचं नाव आलं की मनातल्या मनात नामाजीचंही घ्या.